एस्मेराल्डा काउंटी (नेवाडा): दोन दिवस काढण्यासारखं काही आहे का?

रानवाट
नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये सासू-सासरे सांगलीहून येतायत. दोघं सत्तरीच्या आसपास, पण हिंडते-फिरते. गेल्या खेपेला व्हेगस, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी सगळं रीतसर उरकलं. सासरे महसूल खात्यातून निवृत्त झालेत. नकाशा दिसला की चष्मा पुसून बसतात. परवा व्हिडिओ कॉलवर रेनो आणि व्हेगसच्या मधल्या रिकाम्या भागाबद्दल विचारत होते, "इथं काय आहे?" म्हटलं, काही नाही, वाळवंट आहे. तर म्हणे, "हद्द आखलीय म्हणजे कुणीतरी सारा भरत असणार. काही नाही कसं?"

मग मीच शोधायला बसले. त्या भागात एस्मेराल्डा नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ साधारण ९,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा जरा जास्तच. २०२० च्या जनगणनेत माणसं ७२९. हजार नाही, लाख नाही, नुसती ७२९.

आम्ही रेनोहून व्हेगसला जाताना ९५ नंबरच्या रस्त्यावर गोल्डफील्ड लागतं. गाडीचा वेग पंचवीसवर आणायचा, गाव संपलं की परत वाढवायचा, एवढीच ओळख. या वेळी तिथे दोन दिवस थांबावं असं मनात आहे. कुणी तिथे थांबलंय का? गावं कुठली बघावीत, राहायचं कुठे, खायचं काय (सासूबाई पूर्ण शाकाहारी), आणि मुळात म्हाताऱ्या माणसांना तिकडे नेणं शहाणपणाचं आहे का? खरं काय ते सांगा.

टिंबटिंब
पयला!
काही नाहीये तिथे. धूळ आहे. व्हेगसला जा, आईबाबांना कारंजी दाखवा.

रानवाट
@टिंबटिंब, कारंजी गेल्या वेळी दाखवली. सासरे म्हणाले, वाळवंटात एवढं पाणी उडवतात, यांच्यावर कुणी कारवाई करत नाही का?

मिरजेचा सतारिया
अहो ७२९ म्हणजे आमच्याकडच्या मंगल कार्यालयात दोन पंगतीत उठतील! त्यातही पहिल्या पंगतीत निम्मे मुलीकडचे.
बाकी प्रवासाचं ठाऊक नाही, पण सासरे आवडले. धागा वाचतोय.

खडीसाखर
रानवाट, जरूर जा. मी व्हेगसला असते, नवरा भूगर्भशास्त्रवाला, त्यामुळे आमच्या बऱ्याच सुट्ट्या याच भागात दगड बघण्यात गेल्यात. (लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.)

सगळ्यात आधी वार बघा. गोल्डफील्डला कामाच्या दिवशी पोचा. शनिवार-रविवार गेलात तर जे बघायला जायचं तेच बंद असतं, ते म्हणजे तिथलं कोर्ट. १९०७ सालची दगडी इमारत, आणि काउंटीचा कारभार अजून तिथूनच चालतो. कोर्टाच्या दालनात टिफनीचे मूळ दिवे अजून आहेत. खाणीच्या दाव्यांच्या नोंदीही काउंटीच्या रेकॉर्डरकडेच होतात. महसूल खात्यातल्या माणसाला याहून चांगलं पर्यटनस्थळ मला तरी सुचत नाही.

थोडा इतिहास, म्हणजे बघताना अर्थ लागेल. डिसेंबर १९०२ मध्ये हॅरी स्टिमलर आणि बिली मार्श यांना इथे सोनं सापडलं. स्टिमलर अर्धा शोशोनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा होता. दोघांनी जागेला नाव दिलं ग्रँडपा, कारण हा म्हणे सगळ्या सोन्याच्या खाणींचा आजोबा ठरणार होता. चार-पाच वर्षांत वस्ती वीस हजारांच्या घरात गेली. नेवाडातलं सगळ्यात मोठं शहर हेच. लास व्हेगसचे प्लॉट रेल्वेने १९०५ मध्ये नुकते कुठे लिलावात विकले होते. गोल्डफील्डला तीन-तीन रेल्वे आल्या. पुढे सोनं आटलं, १९१३ ला पूर आला, १९२३ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. आता वस्ती अडीचशेच्या आतबाहेर.

तुम्ही व्हेगसकडे ज्या ९५ वरून जाता त्याचा बराचसा भाग लास व्हेगस-टोनोपाह रेल्वेच्या भरावावर आहे. १९१८ मध्ये ती रेल्वे बंद पडली, रूळ काढले आणि मग रस्ता झाला. म्हणून तो इतका सरळसोट आहे.

रानवाट
खडीसाखर, धन्यवाद! रेकॉर्डरचं वाचून दाखवलं. सासऱ्यांनी विचारलंय की नोंद फिरवायला तिथे किती दिवस लावतात.

खडीसाखर
:) सांगा त्यांना, रांग नसते.

बे_एरियाचा_बाळू
एस्मेराल्डाचं काय घेऊन बसलात! टेक्सासातली लव्हिंग काउंटी बघा. २०२० ला ६४ माणसं. आणि हवाईत कलावाओ, तिथे ८२. कलावाओ म्हणजे मोलोकाई बेटावरची जुनी कुष्ठरोग्यांची वसाहत.

मिरजेचा सतारिया
म्हणजे लव्हिंगमध्ये एकच पंगत.

वाळूतला_मासा
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. 'भुताचं गाव' म्हणत लोक येतात, तुटक्या घरांसमोर फोटो काढतात, खिडक्यांना नाक लावतात. त्यातल्या काही घरांत माणसं राहतात हो. मी कामानिमित्त त्या पट्ट्यात काही काळ होतो. तिथल्या एका आजोबांच्या अंगणात परगावचे लोक न विचारता शिरून त्यांच्या गंजलेल्या ट्रकवर चढायचे. आजोबा बिचारे पडद्याआडून बघायचे. कुणी आपल्या वाड्यात असं शिरलं तर आपण काय करू?

माझं म्हणणं एवढंच की या काउंटीत बघायचं ते पडझड नव्हे. एवढ्या कमी माणसांत शेरीफ, कोर्ट, शाळा, रस्ते कसं चालतं ते बघा. एक उदाहरण देतो. काउंटीत हायस्कूल नाही. गोल्डफील्डमध्ये १९०७ चं दिमाखदार हायस्कूल उभं आहे, तिथले लोक वर्गणी जमवून ते दुरुस्त करतायत, पण वर्ग भरत नाहीत. मुलं शेजारच्या नाय काउंटीत, टोनोपाहला जातात. गावात पाच मिनिटं थांबून फोटो काढणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही.

टिंबटिंब
म्हणजे माझं बरोबर होतं. जाऊ नका.

वाळूतला_मासा
जाऊ नका असं मी कुठे म्हटलं? जा, पण तिथे थांबा. दुकानातून काहीतरी घ्या, चार शब्द बोला.

सुगरण_नसलेली
खाण्याबद्दल मी सांगते, कारण या विषयावर माझा अभ्यास दांडगा. मुक्काम टोनोपाहलाच करा, गोल्डफील्डहून पाऊण तासही लागत नाही. मेक्सिकन हॉटेलं आहेत, भात-बीन्स-टॉर्टिया मिळतं. मात्र रीफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी घालतात का, हे आधी विचारा. लार्ड हा शब्द वापरून विचारा. नुसतं "व्हेजिटेरियन?" विचारलंत तर हसून हो म्हणतील आणि वर चिकन सूप घातलेला भात वाढतील.

सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि विजेची छोटी किटली. बस.

कांदालसूण
+१ किटलीला. मी छोटा राईस कुकर नेतो. मोटेलच्या खोलीत मुगाची खिचडी लावली होती, वर लसणाची फोडणी.

सुगरण_नसलेली
फोडणी?! मोटेलात? धुराचा अलार्म?

कांदालसूण
वाजला की. शेजारचा ट्रकवाला बाहेर आला आणि म्हणाला, वास कसला छान येतोय. वाटीभर त्याला दिली.

बे_एरियाचा_बाळू
लोकहो, खोलीत स्वयंपाक करू नका, दंड भरावा लागतो. आणि धागा फोडणीवर गेलाच आहे तर विचारतो, हिंगाचा वास गाडीत उरू नये म्हणून काय करता?

सुगरण_नसलेली
हिंग नेत नाही. दुसरा उपाय नाही.

आडवाटेचा_वैद्य
धागाकर्तीने म्हाताऱ्या माणसांबद्दल विचारलंय आणि त्यावर कुणी बोललंच नाही. टोनोपाहचं रुग्णालय २०१५ मध्ये बंद पडलं. तेव्हापासून जवळचं म्हणजे हॉथॉर्न, शंभर मैलांवर, नाहीतर कॅलिफोर्नियात बिशप. गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टर येतं. कुणाला हृदयाचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. प्रवासविमा काढताना हवाई रुग्णवाहिका त्यात आहे का हे वाचून घ्या.

दुसरं, उंची. गोल्डफील्ड साधारण ५,७०० फुटांवर आहे, टोनोपाह सहा हजारांच्या वर. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच जागी दोन दिवस राहणार आहात. चढ नाही, त्यामुळे जाणवत नाही, पण हवा इतकी कोरडी की तहान न लागताही पाणी पीत राहावं लागतं. ऑक्टोबरच्या रात्री गारठा असतो. स्वेटर, कानटोपी हवीच.

पेट्रोल टोनोपाहला भरून निघा. दक्षिणेकडे पुढचा भरवशाचा पंप बीटी गावाला.

रानवाट
@वैद्य, हे फार कामाचं सांगितलंत. सासऱ्यांना रक्तदाबाची एक गोळी आहे, बाकी ठीक. तरी विमा तपासते. कानटोपीची चिंता नाही, ते सांगलीत डिसेंबर लागला की काढत नाहीत.

सह्यभटका
कळसूबाईचं नाव आलं आणि राहवलं नाही. नेवाडातलं सर्वोच्च शिखर याच काउंटीत आहे, बाउंड्री पीक, तेरा हजार फुटांच्या वर. पण गंमत अशी की शेजारचं माँटगोमेरी शिखर त्याहून उंच आणि ते सीमेच्या पलीकडे कॅलिफोर्नियात. हद्दीची रेघ थोडी पश्चिमेला सरकली असती तर नेवाडाचा मान दुसऱ्याच डोंगराला गेला असता. पायथ्यापर्यंतचा रस्ता कच्चा, वर दगडांची घसरण. आईबाबांसाठी नाहीच. पायथ्याशी फिश लेक व्हॅली आहे, तिथे डायर नावाचं गाव, आजूबाजूला जमिनीखालच्या पाण्यावर गोल गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांनी भिजवलेली अल्फाल्फाची शेतं. वाळवंटात एकदम हिरवं दिसतं. गरम पाण्याचा झराही आहे.

मिरजेचा सतारिया
सासऱ्यांना हद्दीची भानगड सांगा. सर्वोच्च शिखर कुणाच्या सातबाऱ्यावर!

खडीसाखर
हद्दीवरून आठवलं, खास रानवाटच्या सासऱ्यांसाठी. एस्मेराल्डाचं पहिलं ठाणं, म्हणजे काउंटीच्या कारभाराचं गाव, गोल्डफील्ड नव्हे, ऑरोरा. १८६० च्या सुमाराला तिथे चांदी-सोनं सापडलं. तेव्हा कॅलिफोर्निया-नेवाडा सीमा नीट मोजलेलीच नव्हती. त्यामुळे ऑरोरा एकाच वेळी कॅलिफोर्नियातल्या मोनो काउंटीचंही ठाणं होतं आणि नेवाडातल्या एस्मेराल्डाचंही. दोन्ही सरकारांचे अधिकारी एकाच गावात! १८६३ मध्ये मोजणी झाली आणि गाव नेवाडात काही मैल आत निघालं. मग मोनोवाल्यांनी दप्तर गुंडाळलं. मार्क ट्वेनही १८६२ मध्ये ऑरोराला नशीब काढायला आला होता, सोनं काही हाती लागलं नाही. १८८३ मध्ये ठाणं हॉथॉर्नला गेलं, १९०७ मध्ये गोल्डफील्डला. १९११ मध्ये उत्तरेचा भाग तोडून मिनरल काउंटी केली, म्हणून ऑरोरा आणि हॉथॉर्न दोन्ही आता एस्मेराल्डात नाहीत.

रानवाट
वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: "दोन सरकारं होती तेव्हा सारा कुणाला भरला?"
मी म्हटलं, बहुतेक कुणालाच नाही.
"मग शहाणे होते."

लालबागकर
गोल्डफील्डच्या गोष्टीत कामगार कुठेच आले नाहीत, म्हणून लिहितो. तिथल्या खनिजात सोनं इतकं असायचं की खाणकामगार कपड्यांत, डब्यात ढेकळं लपवून बाहेर आणायचे. याला हाय-ग्रेडिंग म्हणत. जॉर्ज विंगफील्ड आणि सिनेटर निक्सन यांच्या कंपनीने मोठ्या खाणी एकत्र केल्या आणि कपडे बदलायच्या खोल्या सक्तीच्या केल्या, म्हणजे झडती घेता यावी. १९०७ च्या आर्थिक घबराटीत रोख पगाराऐवजी चिठ्ठ्या द्यायला लागले, तेव्हा संप झाला. गव्हर्नर स्पार्क्स यांनी अध्यक्ष रूझवेल्टकडे लष्कर मागितलं. डिसेंबरमध्ये लष्कर आलं. सरकारी चौकशीत निघालं की लष्कर बोलवावं असं काही घडलंच नव्हतं. पण तोवर मालकांनी मजुरी कमी केली होती आणि युनियनवाल्यांना कामावर घ्यायचं बंद केलं होतं.

माझे वडील गिरणीत होते, ८२ चा संप मी घरात बघितलाय. मंडळी तिथल्या गोल्डफील्ड हॉटेलच्या भुतांसाठी जातात, मला त्या कपडे बदलायच्या खोल्या कुठे होत्या ते बघायचं होतं.

बे_एरियाचा_बाळू
पण चोरी ती चोरीच ना? कंपनीचं सोनं डब्यात घालून न्यायचं आणि वर संप!

लालबागकर
बाळू, सोनं जमिनीतलं. जमीन वेस्टर्न शोशोनींची. चोरी मोजायची तर कुठून सुरुवात करायची ते आधी ठरवा.

बे_एरियाचा_बाळू
बरं, यावर मी गप्प.

चिंगी_तोरस्कर
भुतांचा विषय कुणी काढलाच आहे तर... गोल्डफील्ड हॉटेल! चार मजली, १९०८ चं. दुसऱ्या महायुद्धात तिथे टोनोपाहच्या हवाई तळावरची माणसं राहायची, नंतर बंदच. भुतांवरच्या टीव्ही कार्यक्रमांनी ते भलतंच प्रसिद्ध केलंय. आत जाता येईलच असं नाही, बाहेरून बघा. टोनोपाहचं मिझपा हॉटेल १९०७ चं, २०११ मध्ये पुन्हा सुरू झालं, तिथे राहता येतं. त्यांच्याकडे लाल साडीवाली, आपलं, लाल झग्यातली बाई आहे म्हणतात.

आणि विदूषकांचं मोटेल विसरू नका! टोनोपाहला आहे. स्वागतकक्ष विदूषकांच्या बाहुल्यांनी भरलेला, आणि शेजारी जुनी दफनभूमी.

सुगरण_नसलेली
चिंगे, सत्तरीतल्या सासूबाईंना विदूषकांच्या मोटेलात? रानवाटचा संसार नीट चाललाय, राहू दे.

आडवाटेचा_वैद्य
ती दफनभूमी मात्र दिवसा जरूर बघा. फेब्रुवारी १९११ मध्ये बेलमाँट खाणीला आग लागून १७ जण गेले. बिग बिल मर्फी नावाचा तरुण खाणीच्या लिफ्टमधून खाली जाऊन माणसं वर काढत राहिला आणि शेवटच्या खेपेला परत आलाच नाही.

गोल्डफील्डच्या दफनभूमीत एक वेगळीच पाटी आहे: अनोळखी माणूस, ग्रंथालयातली खळ खाऊन मेला, १४ जुलै १९०८. उपाशी होता म्हणतात. त्या खळीत पिठाबरोबर तुरटी असायची.

मिरजेचा सतारिया
...
दोन पंगतींचा विनोद मागे घेतो.

बॅटरीवाला
सिल्व्हर पीकबद्दल कुणीच कसं बोललं नाही? तुमच्या फोनमध्ये, गाडीत लिथियम आहे ना? गेली कित्येक दशकं अमेरिकेत लिथियम काढणारी जवळपास एकुलती एक जागा म्हणजे हे गाव. १९६६ पासून चालू आहे. खाण म्हणाल तर खड्डा नाही. क्लेटन व्हॅलीच्या कोरड्या तळ्याखालचं खारं पाणी पंपाने उपसतात आणि मोठमोठ्या तळ्यांत सोडतात. ऊन-वाऱ्याने पाणी उडत जातं, एका तळ्यातून दुसऱ्यात, दीड-दोन वर्षांनी द्रावण पुरेसं दाट होतं. तळी निळी-हिरवी दिसतात. आत सोडत नाहीत, रस्त्यावरून बघायचं.

मिठागरं पाहिलेल्या कोकणी माणसाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

पानफूल
आणि त्याच काउंटीत, सिल्व्हर पीकच्या पश्चिमेला रायोलाइट रिज नावाच्या टेकड्या आहेत, तिथे आता दुसरी लिथियम खाण होऊ घातलीय. तिथे टीम्स बकव्हीट नावाचं पिवळट फुलांचं छोटं रानझाड वाढतं. जगात दुसरीकडे कुठेही नाही. सगळी वस्ती मिळून दहा एकरांच्या आसपास. २०२० मध्ये हजारो रोपं उपटली गेली, सरकारी तपासाचा निष्कर्ष निघाला की कुरतडणाऱ्या प्राण्यांनी खाल्ली. डिसेंबर २०२२ मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींत घेतलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारच्याच दुसऱ्या खात्याने खाणीला परवानगी दिली.

बॅटरीवाला
पानफूल, एका रानझाडासाठी इलेक्ट्रिक गाड्या थांबवायच्या? धूर कमी होईल त्याचं काय?

पानफूल
थांबवा कुणी म्हटलं? लिथियम दुसरीकडेही आहे, हे झाड दुसरीकडे नाही. हिशेब एवढाच आहे.

वाळूतला_मासा
तुमच्या दोघांच्या मध्ये तिसरी बाजू बसलीय, ती म्हणजे तिथली माणसं. फिश लेक व्हॅलीतल्या शेतकऱ्याला काळजी पाण्याची. सिल्व्हर पीकमधल्या माणसाला काळजी नोकरीची. दोघं एकाच काउंटीचे मतदार आणि एकमेकांना नावानिशी ओळखतात. आपण इथे टोपणनावाने भांडतो, त्यांना उद्या पोस्टात समोरासमोर उभं राहायचं असतं.

बॅटरीवाला
हे मान्य.

सह्यभटका
अवांतर: मे २०२० मध्ये याच भागात, माँटे क्रिस्टो डोंगररांगेत, ६.५ रिश्टरचा भूकंप झाला होता. १९५४ नंतर नेवाडातला सगळ्यात मोठा. ९५ नंबरच्या रस्त्याला तडे गेले. एवढ्या तीव्रतेचा हादरा आणि मनुष्यहानी नाही, कारण तिथे माणसंच नाहीत.

चिंगी_तोरस्कर
गोल्डफील्डच्या गाड्यांच्या जंगलाबद्दल कुणी लिहिलंच नाही! गावाबाहेर चाळीसेक जुन्या गाड्या, बस, ट्रक नाकावर जमिनीत रोवून उभे केलेत, वरून रंगवलेत. फोटो भारी येतात. वाळूतला_मासाकाका रागावतील, पण ते बघण्यासाठीच केलंय, अंगण नाहीये कुणाचं.

वाळूतला_मासा
नाही रागावत. आणि काका नाही मी, चाळिशीचा आहे.

चिंगी_तोरस्कर
मग काकाच की.

रानवाट
सगळ्यांचे आभार! सासूबाईंचं मत कुणी विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं. त्यांना कोर्ट नको, भूत नको, लिथियम नको. त्यांना रात्रीचं आकाश बघायचंय. म्हणाल्या, लहानपणी जतला आजोळी गच्चीवरून आकाशगंगा दिसायची, आता सांगलीतून चांदण्याही मोजक्या दिसतात.

मग हे दोघांचं दोन दिवसांत बसेल का? रेनोहून निघणार, शेवटी व्हेगसला मुक्काम.

खडीसाखर
आरामात बसतं, उलट बरंच आहे. अमावास्येच्या जवळची तारीख धरा. टोनोपाहचं आकाश काळंभोर असतं, गावाबाहेर थोडं गेलं की पुरे. खुर्च्या आणि जाड रजया गाडीत ठेवा, उभं राहून मान दुखते.

पहिल्या दिवशी रेनोहून सकाळी लवकर निघा. वाटेत वॉकर लेकला चहा. हॉथॉर्नला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दारूगोळ्याची कोठारं दिसतील, मैलोन्मैल. पुढे कोलडेलवरून टोनोपाहकडे जाताना, टोनोपाहच्या तीसेक मैल अलीकडे २६५ नंबरचा रस्ता दक्षिणेला फुटतो, तो पक्का आहे आणि सिल्व्हर पीकला जातो. लिथियमची तळी बघून त्याच रस्त्याने परत या. संध्याकाळी टोनोपाह, रात्री आकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट उघडायच्या वेळी गोल्डफील्ड. तिथे निवांत राहा, घाई करू नका. दुपारी दक्षिणेला लिडा जंक्शनवरून आत गोल्ड पॉइंट. मोजकी माणसं राहतात, त्यांनीच जुनी लाकडी घरं सावरून धरलीत. जाताना वाटेत जोशुआची झाडं. मग बीटी, पेट्रोल, व्हेगस.

टोनोपाहच्या खाण उद्यानाला वेळ उरला तरच जा, चालणं बरंच आहे. १९०० मध्ये जिम बटलरचं गाढव रात्री भटकलं, त्याला शोधताना चांदीचा दगड हाती लागला, ती गोष्ट तिथलीच. गाढवाचा भाग किती खरा ते सोडून द्या, चांदी खरी होती.

लालबागकर
गोल्डफील्डला एक गोष्ट जोडा. ३ सप्टेंबर १९०६ ला तिथे जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सनची मुष्टियुद्धाची लढत झाली, ४२ फेऱ्या चालली. गॅन्स कृष्णवर्णीय, जगज्जेता. नेल्सनने कमरेखाली ठोसा मारला म्हणून त्याला बाद केलं. लढत भरवणाऱ्या टेक्स रिकार्डने बक्षिसाची रक्कम सोन्याच्या नाण्यांत दुकानाच्या खिडकीत मांडून ठेवली होती, गावाची जाहिरात म्हणून. सासऱ्यांना कुस्तीची आवड असेलच, सांगलीचे आहेत.

रानवाट
आवड? शनिवारी घरात रिमोट कुणाला मिळत नाही. ४२ फेऱ्या ऐकून म्हणाले, पंच झोपला होता काय.

बरं, शेवटची शंका. भाड्याची गाडी घेणार आहोत. नकाशात गोल्डफील्डहून सिल्व्हर पीकला थेट रस्ता दिसतो, अर्धंच अंतर. तो घ्यावा का?

आडवाटेचा_वैद्य
नको. बराचसा कच्चा आहे, फोनला रेंज नाही. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला बहुतेक मनाई असते, टायर गेला तर विमा हात वर करतो. २६५ नेच जा. आणि गाडी घेताना डिकी उघडून स्टेपनी खरंच आहे का बघा. हल्ली नुसता पंप आणि डिंकाची बाटली देतात, खडी टोचून टायर फाटला तर त्याचा उपयोग नाही. मोठी स्टेपनी असलेली गाडी मागून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.